यमुनेच्या घाटावरची जुनी मोटर

दिल्लीत आमच्याकडे पाहुणे आले की काय काय दाखवायचं, याची यादी तयारच असते. लाल किल्ला, कुतुबमिनार, इंडिया गेट, चांदणी चौकातले पराठे आणि शेवटी सरोजिनी नगरची खरेदी. पण फेब्रुवारीच्या शेवटी मालवणहून माझे मामा आले आणि ती यादी पहिल्याच दिवशी बाजूला पडली.

"किल्ले आमच्याकडे कमी आहेत का गो? तुमची नदी दाखव आधी," ते म्हणाले.

मामांचं म्हणणं बरोबरच होतं. सिंधुदुर्ग किल्ला समोर बघतच ते मोठे झाले. किनाऱ्यावरच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी चाळीस वर्षं होड्यांच्या मोटरी दुरुस्त केल्या. मच्छीमारांच्याही आणि पर्यटकांना किल्ल्यावर नेणाऱ्यांच्याही. दोन वर्षांपूर्वी गुडघ्यांनी दगा दिला आणि शेड बंद झाली. तेव्हापासून ते जरा गप्पच झालेत, असं मामी फोनवर म्हणाली होती.

मी, माझी चौदा वर्षांची लेक आणि मामा असे आम्ही तिघं शनिवारी पहाटे मेट्रोने काश्मिरी गेटला उतरलो. तिथून ई-रिक्षाने यमुना बाजारच्या घाटावर पोहोचलो.

पांढरे पक्षी, काळं पाणी

दिल्लीतलं हे दृश्य अनेक दिल्लीकरांनीही पाहिलेलं नसतं. निगमबोध घाटाच्या शेजारी ओळीने जुने घाट आहेत. हिवाळ्यात पहाटे तिथे धुक्यातून सूर्य वर येतो आणि हजारो सीगल पक्षी पाण्यावर घिरट्या घालतात. दूरच्या थंड प्रदेशातून ते नोव्हेंबरच्या सुमाराला येतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये परत जातात. रंगीत लाकडी होड्या, कॅमेरे घेऊन आलेली मुलं, लग्नाआधीचे फोटो काढून घेणारी जोडपी अशी सगळी गर्दी असते. नावाडी पक्ष्यांना शेव टाकतात. पक्षी झेपावतात, फोटो छान येतो. पण तेलकट-खारट शेव पक्ष्यांसाठी चांगली नाही. आम्ही नुसतं बघत बसलो.

मामा मात्र पक्ष्यांकडे बघतच नव्हते. ते पाणी बघत होते.

"हे एवढं काळं का?" त्यांनी विचारलं.

मी जमेल तसं सांगितलं. वरच्या बाजूला वजिराबादचा बंधारा आहे. पावसाळा सोडला तर नदीचं चांगलं पाणी तिथेच अडवून पिण्यासाठी घेतलं जातं. बंधाऱ्याच्या खाली लगेच नजफगढचा नाला येऊन मिळतो. म्हणजे आपण जी नदी बघतो, तिच्यातलं पाणी बहुतांश शहराचं सांडपाणी असतं. यमुनेची एकूण लांबी सुमारे १,३७६ किलोमीटर. त्यातला वजिराबाद ते ओखला हा दिल्लीतला टप्पा जेमतेम २२ किलोमीटरचा, दोन टक्क्यांहूनही कमी. पण नदीच्या प्रदूषणातला सुमारे तीन चतुर्थांश वाटा याच टप्प्याचा मानला जातो.

मामा काही बोलले नाहीत. तेवढ्यात पलीकडच्या घाटाजवळ एक मोटर सुरू झाली. फट्-फट् करत होडी निघाली, आवाज वाढला, आणखी वाढला, अगदी किंचाळायला लागला. पण होडीचा वेग काही वाढेना. मामांची मान झटकन वळली.

"पंखा फिरत नाहीये," ते म्हणाले आणि गुडघ्यांचं दुखणं विसरून पायऱ्या उतरायला लागले.

"गियर स्लिप मारता है"

होडीवाला पन्नाशीचा होता. एरवी तो वल्ह्यांनीच फेऱ्या मारतो. पर्यटकांना शांत होडीच आवडते आणि पेट्रोलही परवडत नाही. मोटर ठेवली आहे ती पुरासाठी.

२०२३ च्या जुलैत यमुनेला आलेला पूर तुम्हाला आठवत असेल. १३ जुलैला जुन्या लोखंडी पुलापाशी पाणी २०८.६६ मीटरपर्यंत चढलं. धोक्याची पातळी २०५.३३ मीटर आहे. याआधीचा १९७८ सालचा विक्रम २०७.४९ मीटरचा होता. रिंग रोड पाण्याखाली गेला, लाल किल्ल्याच्या मागच्या तटाला पाणी लागलं. आपत्ती निवारण दलाच्या रबरी होड्या शहरात फिरत होत्या आणि घाटावरचे नावाडी, गोताखोर आपापल्या होड्या घेऊन उतरले होते.

हा नावाडीही त्यात होता. नदीकाठच्या झोपड्यांमधून त्याने दोन दिवस माणसं बाहेर काढली. शेवटच्या खेपेला होडीत नऊ जण होते. ऐन प्रवाहात मोटर अशीच किंचाळायला लागली आणि होडी वाहत निघाली. एका बाभळीच्या फांदीला धरून त्याने ती थांबवली, मग वल्ह्यांनी कशीबशी काठाला आणली.

"गियर स्लिप मारता है, बाबूजी," तो मामांना म्हणाला. एका मेकॅनिकने मोटर बघून सांगितलं होतं की गियर गेले, वीस हजार लागतील. एवढ्या जुन्या मोटरला एवढे पैसे कोण घालणार? तो ती भंगारात काढणार होता. पण मग पुढच्या पावसाळ्यात काय, हा प्रश्न होताच.

मोटर खरंच जुनी होती. रंग उडालेला, नावाची पट्टी पुसलेली. बहुधा तिसऱ्या-चौथ्या मालकाकडे आलेली, टू-स्ट्रोक, पंचवीस हॉर्सपॉवरची. मामांनी तिच्यावरून हात फिरवला, एखाद्या म्हाताऱ्या गाईवरून फिरवावा तसा.

होडीच्या मोटरला गियर असतो?

माझ्या लेकीने विचारलेला प्रश्न तुमच्याही मनात आला असेल. होडीच्या मागच्या फळीवर बाहेरून टांगायची ती आउटबोर्ड मोटर. इंजिन वर, पंखा खाली पाण्यात आणि मध्ये उभा दांडा. नॉर्वेत जन्मलेल्या आणि अमेरिकेत वाढलेल्या ओले एव्हिनरूड यांनी १९०९ मध्ये अशा मोटरी विकायला सुरुवात केली. सुरुवातीच्या मोटरींना गियर नव्हताच. मागे जायचं असेल तर अख्खी मोटर उलटी फिरवायची! पुढे, न्यूट्रल आणि मागे असे तिन्ही गियर असलेल्या मोटरी १९४० च्या दशकाच्या शेवटी बाजारात आल्या.

मामांनी घाटाच्या पायरीवर खडूने चित्र काढून समजावलं. खाली पाण्यात असलेल्या डब्यात तीन दातेरी चाकं असतात. वरून येणाऱ्या दांड्याचं छोटं चाक सतत फिरतं आणि पुढचं व मागचं अशी दोन मोठी चाकं एकमेकांच्या उलट दिशेने फिरवत ठेवतं. पंख्याच्या दांड्यावर या दोघांच्या मध्ये एक सरकणारा तुकडा असतो. त्याला जाड दाढा असतात. तो पुढे सरकवला की पुढच्या चाकाच्या दाढांमध्ये अडकतो आणि होडी पुढे जाते. मागे सरकवला की होडी मागे. मधोमध ठेवला की न्यूट्रल.

"आता लक्षात घे," मामा म्हणाले, "स्कूटरच्या क्लचसारख्या घासणाऱ्या प्लेटी इथे नाहीत. दाढ अडकते, नाही तर निसटते. ती गुपचूप घसरू शकत नाही. निसटली तर ओरडते."

जाता जाता ते म्हणाले की १९६० च्या दशकातल्या काही अमेरिकन मोटरींमध्ये विजेवर चालणारा गियर होता. त्यात दाढांऐवजी स्प्रिंग घट्ट आवळली जायची आणि तेलही खास लागायचं. तशी मोटर मिळाली तर तिचा हिशेब वेगळा. ही मात्र साध्या दांडीच्या गियरची होती.

तीन प्रश्न

मामांनी अजून पान्याला हातही लावला नव्हता. त्यांनी होडीवाल्याला आपल्या मोडक्या हिंदीत तीन प्रश्न विचारले.

पहिला, घसरते ती फक्त पुढे जाताना की मागे जातानाही? उत्तर आलं, दोन्हीकडे. पण मागे जास्त रेस देतच नाही, म्हणून फारसं कळत नाही.

दुसरा, हळू चालवताना की रेस दिल्यावर? उत्तर, हळू ठीक चालते. अर्ध्याच्या वर रेस दिली किंवा होडीत माणसं जास्त असली की घसरते.

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. तेव्हा खालून आवाज कसा येतो? खडखड, कडकड असा येतो का? गियरची दांडी हाताला धक्का देते का?

होडीवाल्याने थोडा विचार केला. "नहीं बाबूजी. नीचे से कुछ नहीं. बस इंजन चिल्लाता है."

मामा माझ्याकडे बघून हसले. गेल्या दोन वर्षांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं.

दाढा झिजून गोल झाल्या असत्या तर त्या जोर आल्यावर एकमेकींवरून उड्या मारत निसटल्या असत्या. खालून खडखडाट झाला असता, दांडीला झटके बसले असते आणि बहुतेक वेळा एकाच गियरमध्ये. इथे दोन्ही गियरमध्ये, आवाज न करता, फक्त जोर पडल्यावर घसरत होतं. म्हणजे घसरणारी वस्तू गियरच्या डब्यात नव्हती. ती बाहेर, पंख्यात असण्याची शक्यता जास्त होती.

नेलपॉलिशची रेघ

आधी मामांनी इंजिन बंद करून स्पार्क प्लगची वायर काढायला लावली. पंख्याजवळ हात नेण्याआधी हे करायचंच, चुकूनही विसरायचं नाही. पंखा हाताने फिरवला की जुनी मोटर एखादा ठोका घेऊ शकते आणि बोटं जाऊ शकतात.

मग मोटर वर उचलली. पंख्याला पॉलिथिनची पिशवी आणि जलपर्णीची मुळं गुंडाळलेली होती. ती काढली. पंख्यात काही अडकलं तरी पाणी नीट ढकललं जात नाही आणि मोटर घसरल्यासारखी वाटते. म्हणून पहिली तपासणी हीच, आणि ती फुकट होते.

दुसरी तपासणी उंचीची. पंख्याच्या वर एक आडवी पत्री असते. ती होडीच्या तळाच्या पातळीला किंवा थोडी खाली असावी. मोटर फार उंच बसवली, किंवा सगळी माणसं होडीच्या पुढच्या टोकाला बसली आणि मागची बाजू उचलली गेली, तर पंखा वरची हवा ओढतो. हवेत फिरणारा पंखा काय ढकलणार? इंजिन सुसाट पळतं, होडी नाही. इथे पत्री जागेवर होती.

तिसरी, मोटर गियरमध्ये टाकून पंखा हाताने फिरवणं. न्यूट्रलमध्ये मोकळा फिरला, गियरमध्ये घट्ट अडकला. त्या मेकॅनिकनेही बहुधा इथपर्यंत पाहिलं असावं. पंखा आणि दांडा एकमेकांना धरून आहेत, मग उरला तो गियर, असा त्याचा हिशेब झाला असेल.

"हाताचा जोर तो केवढा?" मामा म्हणाले. "पंचवीस घोड्यांचा जोर लावल्यावर काय होतं ते बघायचं."

पंखा म्हणजे एकसंध धातू नसतो. मध्यभागी दांड्यावर बसणारी धातूची नळी, तिच्याभोवती दाबून बसवलेलं जाड रबर आणि त्याच्याबाहेर पात्यांसकट पंखा. पंखा दगडावर आपटला तर हे रबर धक्का खातं किंवा घसरतं आणि आतले महागडे गियर वाचतात. आणखी जुन्या आणि लहान मोटरींमध्ये रबराऐवजी एक नरम खिळा असतो. धक्का बसला की तो तुटतो. अशा मोटरीचे नावाडी दोन-चार खिळे खिशातच ठेवतात. घरातल्या फ्यूजसारखंच हे. वर्षानुवर्षांनी रबर कडक होतं, पकड सुटते आणि मग थोडा जोर आला तरी ते आतल्या आत फिरायला लागतं.

हे पकडायचं कसं? मामांनी रंग मागितला. घाटावर रंग कुठला? माझ्या लेकीने पर्समधून लाल नेलपॉलिश काढली. मामांनी पंख्याच्या मागच्या बाजूला, आतल्या नळीपासून रबरावरून बाहेरच्या पंख्यापर्यंत एक सरळ रेघ ओढली. वाळू दिली. मग वायर जोडून, होडी घाटाच्या कडीला दोराने बांधून, गियर टाकून अर्धी रेस दिली. मोटर किंचाळली. दहा सेकंदांत बंद केली. वायर काढून पंखा वर घेतला.

रेघ तुटली होती. नळीवरचा लाल तुकडा एकीकडे, पंख्यावरचा तिथून तीन बोटं दूर.

होडीवाला बराच वेळ ती रेघ बघत राहिला. "मतलब गियर ठीक है?"

"गियर को इसी ने बचाया," मामा म्हणाले.

कॉफीसारखं तेल

पण मामांनी तिथे काम संपवलं नाही. "पंखा काढतोच आहोत, तर आत बघूया," ते म्हणाले. नट काढून पंखा ओढला. मागे दांड्याभोवती काय होतं माहीत आहे? पतंगाचा मांजा, मासेमारीची तंगूस आणि पूजेचा लाल-पिवळा धागा. नदीत सोडलेलं सगळं दांड्याभोवती आवळून बसलं होतं. हे धागे दांड्याच्या ऑइल सीलमध्ये शिरतात आणि त्याची रबरी ओठासारखी कड कापतात.

मग गियरच्या डब्याचा खालचा स्क्रू थोडासा सैल केला. मोटर रात्रभर उभी असली की तेलात शिरलेलं पाणी खाली बसतं आणि ते आधी बाहेर येतं. दोन थेंब पाणी आलं. त्यामागून आलं ते दुधाळ तेल, कॉफीच्या रंगाचं. मामांनी ते बोटांत चोळून पाहिलं. धातूची कणी लागली नाही. स्क्रूच्या टोकावरच्या लोहचुंबकावर फक्त पातळ काळी साय होती.

"कणी लागली असती तर मीही भंगारातच टाक म्हटलं असतं," ते म्हणाले. "पण हे पाणी अजून एक पावसाळा आत राहिलं असतं, तर गंज लागून गियर खरंच गेले असते."

म्हणजे खरेदीची यादी तयार झाली. पंख्याचं रबर, दोन ऑइल सील आणि गियर ऑइल.

काश्मिरी गेटच्या गल्ल्या

काश्मिरी गेट म्हटलं की इतिहासाच्या पुस्तकात १८५७ च्या लढाईत सुरुंगाने उडवलेला दरवाजा आठवतो. तो दरवाजा अजून उभा आहे. जवळच १८३६ सालचं सेंट जेम्स चर्च आहे, मुघल काळातली कुदसिया बाग आहे. पण आजचं काश्मिरी गेट म्हणजे गाड्यांच्या सुट्या भागांचा प्रचंड बाजार. एका गल्लीत फक्त बेअरिंग, दुसरीत फक्त गॅस्केट, तिसरीत फक्त रबर. माझी लेक मॉलमध्ये कंटाळते, इथे मात्र तिचे डोळे विस्फारले होते.

होडीच्या मोटरचे भाग इथे कोण ठेवणार, असं मला वाटलं होतं. मामा निवांत होते. ऑइल सील गाडीचं आहे की होडीचं हे बघत नाहीत, तीन मापं बघतात. आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी. ती बहुधा सीलवरच छापलेली असतात. मामांनी जुनी सील पुढे केली. दुकानदाराने चष्मा वर करून आकडे वाचले आणि मागे न बघताच डबा काढला. दोन्ही मिळून आमच्या चहा-समोशाएवढे पैसे झाले. गियर ऑइल मात्र मामांनी शोधून होडीच्या मोटरसाठीचंच घेतलं. थोडं पाणी शिरलं तरी ते दातांवरून निघून जात नाही.

रबराचं काम वेळखाऊ होतं. एका कारागिराने पंखा हातात घेतला, रबर बघितलं आणि सोपा उपाय सांगितला. आरपार भोक पाडून बोल्ट घालतो, पुन्हा कधी घसरणार नाही.

"नको," मामा ठामपणे म्हणाले. "मग धक्का कुठे जाईल? थेट गियरला."

शेवटी एका रबर बुशवाल्याने जुन्या मापाचा नवा बुश करून प्रेसवर दाबून द्यायचं कबूल केलं. सोमवारी या, म्हणाला. नवा पंखा मिळत असेल तर तोच घ्यावा, हे मामांनी होडीवाल्याला सांगितलं; पण एवढ्या जुन्या मोटरचा मिळणं कठीण होतं.

रविवारी बुराडी

रविवारी बाजार बंद. मामा म्हणाले, दत्ताजी शिंद्यांचा बुराडी घाट इथेच कुठेतरी ना? आम्ही वजिराबादच्या पलीकडे बुराडीच्या दिशेने गेलो. आता तिथे दाट वस्ती आहे आणि नदीकडे शेतं. १० जानेवारी १७६० ला याच परिसरात नदीला पाणी उथळ होतं, काठाला उंच गवत होतं. त्यातून अफगाण फौज नदी ओलांडून आली आणि दत्ताजी पडले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये भाऊसाहेबांची फौज एका काठावर आणि अब्दाली दुसऱ्या काठावर होता. अब्दालीने बागपतजवळ यमुना पार केली आणि पुढे पानिपत घडलं. बागपत आज दिल्लीच्या राजधानी क्षेत्रातच येतं.

इथे पाणी वजिराबादच्या खालच्यापेक्षा बरंच स्वच्छ होतं. मामांनी वाकून ओंजळ भरली, चेहऱ्यावर पाणी मारलं.

"पार करायला साधन नसलं की माणूस काय करणार?" ते म्हणाले. दत्ताजींविषयी की त्या होडीवाल्याविषयी, कोण जाणे.

मंगळवारची सकाळ

सोमवारी बुश मिळाला. मामांनी घाटावरच सील बदलली, तेल भरलं. तेल खालच्या भोकातून भरायचं आणि वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत भरत राहायचं, म्हणजे आत हवा राहत नाही. हे करताना त्यांचा हात थोडा थरथरत होता. माझी लेक त्यांचा पाना-पक्कड सांभाळत होती आणि मध्येच न सांगता हवा तो पाना पुढे करत होती.

त्यांनी होडीवाल्याला एक सवयही बदलायला सांगितली. तो गियर अगदी हळूच, जपून टाकायचा. मोटर जुनी म्हणून. मामा म्हणाले, तेच चुकतं. हळू टाकला की दाढा नीट अडकण्याआधी टोकांवर टोकं घासतात आणि गोल होतात. रेस पूर्ण कमी करायची आणि गियर एका झटक्यात टाकायचा. शिवाय दांडीपासून खालपर्यंतचे सांधे सैल झाले असतील तर ते घट्ट करायचे, कारण दाढ अर्धीच अडकली तरी ती झिजते.

मंगळवारी सकाळी नेलपॉलिशची नवी रेघ ओढली. लाइफ जॅकेट घालून आम्ही तिघं, होडीवाला आणि घाटावरचे आणखी चार जण होडीत बसलो. मामांनी सगळ्यांना मागे आणि मध्ये बसवलं. अर्धी रेस, मग पाऊण. होडीचं नाक उचललं, पक्षी बाजूला झाले, जुना लोखंडी पूल जवळ येऊ लागला. कोणी काही बोलत नव्हतं. सगळे मोटरचाच आवाज ऐकत होते.

परत आल्यावर पंखा वर घेतला. रेघ सरळ होती.

तुमच्या ओळखीच्या कुणाची मोटर घसरत असेल तर

कोकणात, गोव्यात, धरणांच्या जलाशयांवर अशा जुन्या मोटरी अजून खूप चालतात. गियर गेला असं ठरवण्याआधी मामांचा क्रम लक्षात ठेवा.

• पंख्याला प्लास्टिक, जाळं, गवत अडकलंय का, ते आधी बघा.
• इंजिन पळतं आणि पंखा अजिबात फिरत नाही? जुन्या लहान मोटरमध्ये नरम खिळा तुटला असेल.
• आवाज न करता, जोर पडल्यावर घसरते? पंख्याचं रबर. रेघ ओढून खात्री करा.
• वळताना किंवा होडी पुढे झुकल्यावर घसरते? पंखा हवा ओढतोय. मोटरची उंची आणि माणसांची जागा बदला.
• खडखडते, दांडीला झटके बसतात, गियर आपोआप सुटतो? आधी दांडीचे सांधे तपासा, मग गियरचा डबा उघडा. हे काम जाणकाराचंच.
• तेल दुधाळ असेल तर सील बदला. त्यात धातूचे तुकडे असतील तर मोटर पुढे चालवू नका.
• पंख्याला हात लावण्याआधी प्रत्येक वेळी स्पार्क प्लगची वायर काढा.

आणि यमुनेचा घाट बघायचा असेल तर डिसेंबर ते फेब्रुवारी, सूर्योदयाच्या आधी पोहोचा. काश्मिरी गेट मेट्रो स्टेशन लाल, पिवळ्या आणि जांभळ्या मार्गावर आहे. भाडं आधी ठरवा, लाइफ जॅकेट मागून घ्या, पाण्यात हात घालू नका. बाजार बघायचा असेल तर रविवार टाळा.

बुधवारी मामांना निजामुद्दीन स्टेशनवर सोडायला गेलो. लाल किल्ला राहिला, कुतुबमिनारही राहिला. गाडी सुटायच्या आधी त्यांनी माझ्या लेकीला विचारलं, "मे महिन्यात सुट्टी असते ना तुला? शेडची किल्ली माझ्याकडेच आहे."

ती हो म्हणाली. जूनच्या शेवटी होडीवाल्याचा फोन आला. वरून पाणी सोडल्याची बातमी होती, नदी चढायला लागली होती. त्याने पंख्याचा फोटो पाठवला होता. लाल रेघ फिकट झाली होती, पण जागेवर होती.